सोयाबीनचे उरलेले जिवाणू खत हरभऱ्याला चालेल का? आणि गाठीतल्या हायड्रोजनचे काय?

प्रश्न : खरिपात सोयाबीनसाठी आणलेले रायझोबियमचे, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या खताचे, एक पाकीट उरले आहे. ते हरभऱ्याच्या बियाण्याला लावू का? मुळांवरच्या गाठींतून हायड्रोजन निघून जातो आणि पिकाची ताकद वाया जाते, असेही वाचले. त्यावर निकेल फवारावे का?

उत्तर : ते पाकीट हरभऱ्याला लावू नका. सोयाबीनचा जिवाणू वेगळ्या गटातला आहे, हरभऱ्याच्या मुळांवर तो गाठी करत नाही. हरभऱ्याचे म्हणून लिहिलेलेच जिवाणू खत घ्या, आणि वापरण्याची अंतिम तारीख बघून घ्या.

हायड्रोजनचे वाचलेत ते खरे आहे. गाठीत हवेतल्या नत्राचा अमोनिया होतो तेव्हा सोबत हायड्रोजन तयार होतोच. नत्राच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन लागतात, त्यातले निदान दोन हायड्रोजनमध्ये जातात. हे इलेक्ट्रॉन म्हणजे पिकाची ताकदच, ती पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. अमेरिकेत शूबर्ट आणि इव्हान्स यांनी 1976 मध्ये दाखवले, की सोयाबीनसह बहुतेक पिकांच्या गाठींत जेमतेम 40 ते 60 टक्के इलेक्ट्रॉनच नत्राच्या कामी येतात. चवळी मात्र यात उजवी निघाली.

काही जिवाणूंकडे हायड्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते हा हायड्रोजन परत वापरून थोडी ताकद वाचवते. पण ते किती काम करील, हे एकट्या जिवाणूच्या हातात नसते, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. वाटाणा आणि मसूर या दोघांना एकाच गटातला जिवाणू चालतो. तरी स्पेनमधल्या संशोधकांना असे आढळले, की त्या जिवाणूचा एक वाण वाटाण्याच्या गाठीत हे विकर भरपूर बनवतो आणि मसुरीच्या गाठीत फारच कमी. जिवाणू तोच, पीक बदलले की त्याचे वागणे बदलते. म्हणून जिवाणू खत पिकानुसार निवडा, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

या विकराला निकेल लागते, म्हणून तो सल्ला तुमच्यापर्यंत पोचला असावा. पण लागते ते अगदी कणभर. निकेल हा जड धातू आहे. जास्त झाला तर पिकाला विषारी ठरतो आणि जमिनीतून काढता येत नाही. कृपया फवारू नका. शिवाय निसटलेला सगळा हायड्रोजन वाया जातो असेही नाही. गाठींभोवतीच्या मातीतले जिवाणू त्यावर वाढतात.

पेरणीआधी बुरशीनाशकाची प्रक्रिया करा. नंतर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, बियाणे सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार झाडे खुरप्याने मातीसकट काढा, उपटू नका, नाहीतर गाठी जमिनीतच तुटून राहतात. गाठ कापल्यावर आत लालसर दिसली तर नत्राचे काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर झाडे तशीच घेऊन कार्यालयात या, एकत्र बघू.