एकाच छपराखाली अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्या

प्रश्न : गेल्या जूनमध्ये घरामागील वाडीत एकाच शेडमध्ये अंड्यांच्या वीस कोंबड्या आणि ब्रॉयलरची पन्नास पिल्ले ठेवली आणि सोयीसाठी सर्वांना ब्रॉयलरचेच खाद्य दिले. जुलैत पिल्लांना रक्ताची हगवण लागून सतरा पिल्ले दगावली. मोठ्या कोंबड्यांना काही झाले नाही, पण त्यांच्या अंड्यांची कवचे हातात घेताच फुटतात. काय बदलावे?
— एक वाचक, तालुका देवगड

उत्तर : आपली सतरा पिल्ले गेली याचे मनापासून वाईट वाटते. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे : निरनिराळ्या वयाचे आणि निरनिराळ्या गरजांचे पक्षी आपण एकत्र ठेवले.

रक्ती हगवण बहुतेक वेळा कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्याची बीजे विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. मोठ्या कोंबड्यांच्या अंगी आधीच्या सौम्य लागणीमुळे प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून त्या धडधाकट दिसतात. परंतु त्यांच्या विष्ठेतून बीजे पडत राहतात आणि तीन ते सहा आठवड्यांची कोवळी पिल्ले जमिनीवर अंथरलेले तेच तूस टोचून आजारी पडतात. म्हणून पिल्लांचे खुराडे वेगळे, शक्यतो काही अंतरावर बांधावे, रोज आधी पिल्लांचे काम उरकून मगच कोंबड्यांकडे जावे आणि दोन्हीकडच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात.

आता कवचाविषयी. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असते, तर ब्रॉयलरच्या खाद्यात जेमतेम एक टक्का. त्यामुळे आपल्या कोंबड्या उणीव स्वतःच्या हाडांतून भरून काढत आहेत. याउलट लेयरचे खाद्य पिल्लांना घातले, तर जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय ब्रॉयलरच्या खाद्यात अनेकदा हगवणीवरील औषधे मिसळलेली असतात आणि त्यांचा अंश अंड्यांत उतरू शकतो, म्हणून ते खाद्य अंड्यांच्या कोंबड्यांना घालूच नये. आपल्या किनाऱ्यावर कॅल्शियमची ददात नाही. कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, उन्हात वाळवावे आणि जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावे. कोंबडी गरजेपुरतेच खाते. पीठ मात्र करू नये. कवच मुख्यतः रात्री घडते आणि जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळत असल्याने नेमके त्याच वेळी उपयोगी पडतात.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच व्हावी. जांभ्याचा चौथरा दीड-दोन फूट उंच घ्यावा, वळचण लांब ठेवावी आणि पावसाचा मारा येतो त्या बाजूला झापांचे आडोसे बांधावेत. प्लास्टिकने चारही बाजू बंद केल्या, तर अमोनियाचा वास कोंडून पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात. तूस मुठीत दाबून पाहावे. गोळा झाला तर ते ओले आहे, तेवढा भाग त्याच दिवशी उचलावा. मका आणि खाद्य जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे, कारण बुरशीचे विष उकळल्यानेही जात नाही.

ब्रॉयलरला विक्रीयोग्य व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. आषाढातल्या मागणीचा मोह मी समजू शकतो, परंतु त्यासाठी पिल्ले ऐन पावसाच्या तोंडावर आणावी लागतात आणि नवख्याला तो धोका पेलत नाही. जानेवारीच्या मध्यावर आणलेली पिल्ले शिमग्याच्या सुमारास तयार होतात आणि त्या दिवसांत तूसही कोरडे राहते. आधीचे सगळे तूस काढून, चुन्याने रंगवून शेड दोन आठवडे रिकामी ठेवल्यावरच नवी पिल्ले आणावीत. पहिल्या खेपेला पंचवीस पुरेत.

अंड्यांच्या कोंबड्यांना लेयरचे खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा आजच सुरू करावा. दोन-तीन आठवड्यांत कवच सुधारले नाही, तर पशुवैद्यकाला अवश्य दाखवावे, कारण मानमोडी आणि श्वसनाच्या काही विषाणुजन्य रोगांतही अंडी पातळ कवचाची होतात.