रेव्हिटमधलं इक्विपमेंट शेड्यूल: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

रेव्हिट म्हणजे इमारतीचं मॉडेल आणि ड्रॉइंग बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात पंप, एएचयू (एसीची हवा पुरवणारं युनिट), डीजी (डिझेल जनरेटर) यांचं शेड्यूल, म्हणजे मॉडेलमधून निघणारा माहितीचा तक्ता, बनवताना कुठंतरी अडतंय असे बरेच मेसेज आलेत, त्यातले चार घेतो.

"सर, पंपाच्या फॅमिलीत (पंपाच्या तयार मॉडेल-फाइलीत) 'हेड' (पंप पाणी किती उंच चढवतो तो आकडा) हा पॅरामीटर, म्हणजे माहितीचा रकाना, टाकलाय, प्रॉपर्टीत दिसतोय पण शेड्यूलच्या फील्डमध्ये येतच नाही. दोन दिवस झाले, लई डोकं फिरलंय." – विद्यार्थी, राजारामपुरी

तू फॅमिली पॅरामीटर केलायस, तिथंच अडलंय. तो फॅमिलीच्या आतच राहतो, शेड्यूलला दिसत नाही. प्रोजेक्ट पॅरामीटर केलास तर शेड्यूलमध्ये येईल, पण त्याचा टॅग लावता येत नाही आणि उद्या ड्रॉइंगवर पंपाशेजारी हेड दाखवायचं म्हटलं की परत तिथंच येशील, म्हणून सरळ शेअर्ड पॅरामीटर, म्हणजे बाहेरच्या सामाईक फाइलीतून घेतलेला पॅरामीटर, कर. फॅमिली उघड, फॅमिली टाइप्समध्ये 'हेड' एडिट करून त्या जागी शेअर्ड पॅरामीटर निवड, आणि फॅमिली परत प्रोजेक्टमध्ये लोड कर.

आता महत्त्वाचं. शेअर्ड पॅरामीटरची फाइल दिसायला साधी टेक्स्ट फाइल, पण आत प्रत्येक पॅरामीटरला एक लांबलचक ओळख नंबर असतो आणि रेव्हिट नाव बघत नाही, तो नंबर बघतं. तू तुझ्या लॅपटॉपवर 'हेड' बनवलास, मित्रानं त्याच्याकडं वेगळा 'हेड' बनवला, की फील्डच्या यादीत 'हेड' दोनदा दिसणार आणि कुठलाही घेतला तरी निम्म्या पंपांसमोर रकाना रिकामा. म्हणून ऑफिसला एकच फाइल, सर्व्हरवर, आणि नवीन पॅरामीटर टाकणारा माणूसही एकच. ही शिस्त मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते.

"१४ एक्झॉस्ट फॅन आहेत, १४ ओळी येतात. एक ओळ आणि क्वांटिटी १४ अशी पाहिजे." – ड्राफ्ट्समन, शिरोली एमआयडीसी

सॉर्टिंगमध्ये टाइप मार्कवर (एकाच प्रकारच्या सगळ्या नगांना दिलेल्या कोडवर) सॉर्ट लावा, खालची 'आयटमाइज एव्हरी इन्स्टन्स'ची टिक काढा, फील्डमध्ये काउंट घ्या. झालं.

"कूलिंग कपॅसिटी किलोवॅटमध्ये येते, क्लायंटला टीआर (टन रेफ्रिजरेशन) पाहिजे. फॉर्म्युला लावला की युनिट जुळत नाही म्हणून एरर." – एचव्हीएसी (एसी आणि व्हेंटिलेशन) डिझायनर, शाहूपुरी

१ टीआर म्हणजे ३.५१७ किलोवॅट, हे बरोबर धरलंय तुम्ही, पण नुसत्या ३.५१७ नं भागलं तर उत्तर परत किलोवॅटच राहतं आणि कॉलम नंबरचा, मग ते कसं जुळणार? भागताना आकड्यापुढं युनिटही टाइप करा, म्हणजे कपॅसिटी भागिले ३.५१७ किलोवॅट. युनिटला युनिट कटतं आणि शुद्ध आकडा उरतो. एचपीसाठीही तसंच, ७४६ वॅटनं भागायचं.

"शेड्यूलमध्ये एका पंपाचा एचपी बदलला तर दुसऱ्यांचाही बदलला. आणि नदीकाठच्या साइटसाठी बेसची (मशीन बसतं त्या ओट्याची) लेव्हल शेड्यूलमध्ये घेता येईल का?" – एमईपी (एसी, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) इंजिनीअर, कोल्हापूर

एचपी टाइप पॅरामीटर आहे, म्हणून त्या टाइपचे सगळे पंप बदलले. रेव्हिट तेव्हा सूचना देतं, पण घाईत आपण ओके दाबतो. मी हे भोगलंय. एका हॉस्पिटलच्या कामात ५ एचपीचा एक पंप ७.५ करायला गेलो आणि तिन्ही ७.५ झाले, शीट तसंच प्रिंटला गेलं, पंप येऊन पडले तेव्हा पॅनलमधले स्टार्टर ५ चे होते. वेगळा पंप पाहिजे तर आधी टाइप डुप्लिकेट करा, मग आकडा बदला.

लेव्हलचा विचार तुम्ही केलात हे फार बरं केलंत, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आपण सगळ्यांनी बघितलंय. 'बेस लेव्हल' नावाचा शेअर्ड पॅरामीटर करा, लेंथ प्रकारचा, आणि इन्स्टन्स ठेवा कारण प्रत्येक डीजीचा, पॅनलचा बेस वेगळा असतो. आकडा हातानं भरायचा, त्यामुळं इक्विपमेंट हललं की तोही बदलावा लागतो, हे विसरू नका. मग फॉरमॅटिंगमध्ये त्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅट द्या, तुमच्या साइटच्या पूररेषेपेक्षा कमी असेल तर खाना लाल. हा रंग शीटवर दिसण्यासाठी तिथंच वेगळी टिक आहे, ती मारा, नाहीतर लाल खाना फक्त तुमच्या स्क्रीनवरच राहील आणि साइटवरच्या माणसाला काहीच कळणार नाही.