पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, पहिल्यांदाच बॅकस्टेज करतोयस ना? मग ऐक

पहिलं म्हणजे, भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की बाहेर पळू नकोस. मोह होतो, मलाही झाला होता. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा आहे, घोषणा पुढच्या वर्षीही ऐकायला मिळतील. तुझी जागा विंगेत, स्टेजच्या बाजूला पडद्याआड.

प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल आधी लाव. वर पांढरा कागद चिकटव, प्रत्येक वस्तूभोवती पेनाने रेघ मार आणि आत नाव लिही. वस्तू गेली की रिकामा आकार डोळ्यांत खुपतो. आमच्या एकांकिकेत मुलाच्या खिशातलं पत्र कॉलेजवरच राहिलं. शेवटी त्याने लाँड्रीची पावती उघडून आईचं पत्र म्हणून वाचली, आणि मी विंगेत घामाघूम. (प्रेक्षकांना कळलं नाही. दिग्दर्शकाला कळलं.)

सेट लावायची तालीम घड्याळ लावून कर, अंधारातही कर. लेव्हलच्या (स्टेजवरच्या उंचवट्याच्या) कडेला रेडियमची पट्टी चिकटव, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये कोणीतरी नडगी फोडून घेणारच. सुतळी, खिळे, हातोडी, सेफ्टी पिना, जास्तीचे सेल एका पिशवीत ठेव आणि ती कोणाला देऊ नकोस, दुसऱ्या कॉलेजवाल्यांना तर नाहीच. बरं, पिना दे.

म्युझिक पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवरही ठेव. फोन एरोप्लेन मोडवर. तालमीत वाजणारा फोन माफ असतो, प्रयोगात नाही.

आणि दुपारी जेवून घे. संध्याकाळी कोणी विचारणार नाही.