पश्चिमेच्या भिंतीला आतून प्लास्टिक लावू नका

दादा, पाचगणीच्या घराला पश्चिमेच्या भिंतीवर आतून थर्माकोल, त्यावर जाड प्लास्टिक आणि वर जिप्सम बोर्ड मारायचं ठरवलंय, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. मेढ्याच्या घरात मी हेच केलं होतं.

पन्हाळ, गळती तुम्ही बघितली असेलच. मला नडलं ते प्लास्टिक. पहिला पावसाळा खोली उबदार राहिली. दुसऱ्या श्रावणात कपाटामागून कुबट वास यायला लागला. दिवाळीत बोर्ड काढला तर प्लास्टिकमागं पाणी थबथबलेलं, गिलाव्यावर काळी बुरशी, लाकडी पट्ट्यांना वाळवी. आईला दमा, आणि तिची खाट त्याच भिंतीला! ते अजून मनातून जात नाही.

आतून प्लास्टिक लावायची रीत कॅनडासारख्या गोठणाऱ्या मुलखातली. तिथं हिवाळ्यात घरातली दमट हवा गार भिंतीत शिरून तिचं पाणी होतं, म्हणून तिला आतच अडवतात. आपल्याकडं नैर्ऋत्येचा पाऊस भिंतीला बाहेरून झोडपतो. वीट पाणी पिते, ऊन पडलं की ओल आत सरकते आणि प्लास्टिकशी येऊन अडकते.

माल विकणाऱ्यांच्या ऑफिसात चार महिने खेटे घातले. 'मालात दोष नाही, भिंत ओली होती,' एवढंच उत्तर. अहो, भिंत मोजायला तुमचाच माणूस आला होता, त्यानं हात लावून बघायला नको?

मी इंजिनिअर नाही, तुमची भिंत जांभ्याची असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवा. पण पाणी बाहेरच अडवायचं आणि आतून भिंत सुकू द्यायची, यावर मी ठाम आहे. महाबळेश्वराकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथं जुनी माणसं भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधत. मी अँगलवर पत्रे ठोकले, मागं दोन इंच पोकळी ठेवली, वरखाली हवेला फट. आत चुन्याचा गिलावा. भिंत सुकायला दोन उन्हाळे गेले, घाई करू नका.

आधी एक करा. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या अंगाला धरलं तर ती घरातल्या हवेतली. मग घरात कपडे वाळत घालणं थांबवा आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवा.