आरव्हीला कॅम्पग्राउंडची वीज स्वतः जोडता येते का? ३० अँप घ्यावं की ५०?

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच भाड्याच्या आरव्हीने (आत राहायची सोय असलेली गाडी) ग्रँड कॅनियनला निघालाय, बुकिंगमध्ये '३०/५० अँप' दिसलं आणि वीज स्वतः जोडायची म्हटल्यावर धास्ती बसली, असं तुम्ही लिहिलंय. वीज स्वतःच जोडायची असते (गाडीच्या केबलचा प्लग आपल्या जागेजवळच्या खांबावरच्या पेटीत लावायचा) आणि सहज जमते. मी आजवर चार वेळा आरव्ही भाड्याने घेतली. दुसऱ्या वेळी माती खाल्ली, ते पुढे सांगतो.

आधी भाड्याने देणाऱ्यांकडून गाडीच्या प्लगचा फोटो मागवा. तीन पिना असतील तर गाडी ३० अँपची, चार असतील तर ५० ची. भाड्याच्या पंचवीसेक फुटी गाड्या बहुतेक तीन पिनांच्याच असतात. साउथ रिमवरच्या (ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कडेवरच्या) ट्रेलर व्हिलेज कॅम्पग्राउंडमध्ये ३० आणि ५० दोन्ही मिळतं, तिथे अडणार नाही. (पुढे योसेमिटी करणार असाल तर पार्कातल्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज जोडायची सोयच नाही.)

३० आणि ५० मधला फरक २० चा नाही बरं का. ३० मध्ये १२० व्होल्टची एकच फेज येते, म्हणजे फार तर ३,६०० वॅट. ५० मध्ये तशा दोन येतात, प्रत्येकी ५० अँपच्या, म्हणजे १२,००० वॅट. पण गाडी तीन पिनांची असेल तर ५० चे जादा पैसे भरून काही मिळत नाही.

भारतातून आलेल्या माणसाची गल्लत होते ती अँपमध्ये. इथलं व्होल्टेज आपल्या २३० च्या जवळपास निम्मं, त्यामुळे तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो. १,५०० वॅटची किटली घरी साडेसहा अँप घेते, इथे साडेबारा. छतावरचा एसी १३-१४ अँप, मायक्रोवेव्ह १२-१३, त्यात आईंनी चहाला किटली लावली की ब्रेकर पडलाच. आमच्याकडे पहिल्या ट्रिपला रोज सकाळी पडायचा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एक वस्तू बंद करा आणि ब्रेकर पुन्हा वर करा. पाणी तापवायला गॅस आणि वीज असे दोन पर्याय असतील, तर एसी चालू असताना गॅसच लावा. तेवढेच दहा-बारा अँप वाचतात.

आता माती खाल्ल्याची गोष्ट. नेवाडातलं एक जुनं कॅम्पग्राउंड, भर ऑगस्ट, दिवसभर एसी. संध्याकाळी बाबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते, ते म्हणाले, "काहीतरी जळतंय रे, बॅकेलाइटचा वास येतोय." खांबावरची पेटी उघडली तर प्लग हात लावू नये इतका तापलेला. ब्रेकर पाडून ओढला, तर एक पीन काळीनिळी आणि भोवतीचं प्लास्टिक पुरणासारखं मऊ. ब्रेकर मात्र पडला नव्हता, कारण करंट मर्यादेतच होता. दोष सॉकेटचा होता. लोक वीज चालू असतानाच प्लग घालतात-काढतात, दर वेळी ठिणगी उडते, आतली पत्ती खडबडीत होते, तिची पकड सुटते. अशा सैल जोडात ०.१ ओहम रोध धरला, तरी २५ अँपला ६०-६२ वॅट उष्णता तिथल्या तिथे तयार होते. म्हणजे जुना साठचा बल्ब प्लगच्या आत पेटवल्यासारखंच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी लावली की सगळ्यात आधी पेटीतला ब्रेकर खाली. मग सॉकेटवर टॉर्च मारायचा: काळा डाग, वितळलेली कड दिसली किंवा प्लग आत घातल्यावर डुगडुगला, तर ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागायची. लाजायचं नाही, आम्हाला पाच मिनिटांत मिळाली. मग केबल पूर्ण उलगडून घ्यायची (गुंडाळी तशीच राहिली तर तीही तापते), प्लग घट्ट बसवायचा आणि शेवटी ब्रेकर वर. तासाभराने प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल, गरम नको. निघताना उलटं: आधी एसी बंद, मग ब्रेकर, मग प्लग.

प्लग आणि खांब यांच्या मध्ये लावायचं ईएमएस नावाचं उपकरण मिळतं. तारा उलटसुलट असतील किंवा व्होल्टेज १०४ च्या खाली उतरलं तर ते वीज तोडतं. भाड्याच्या गाडीबरोबर देतात का ते विचारा. नसेल तर गाडीतल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर तरी घ्या. संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की जुन्या ठिकाणी व्होल्टेज उतरतं. १०५ दिसलं की आपला एसी बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर जातो.

आणि एक गोष्ट आई-बाबांनाही सांगून ठेवा. दाराच्या कडीला किंवा पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग तुटलंय असं समजा. गाडीला पुन्हा हात न लावता थेट खांबावरचा ब्रेकर पाडायचा. पाऊस पडून जमीन ओली असेल आणि माणूस अनवाणी उतरला असेल, तर त्या झिणझिण्या जिवावर बेतू शकतात.

साउथ रिम ७,००० फुटांवर आहे, जूनमध्येही रात्री स्वेटर लागतो. तिथे एसीची गरज फारशी पडणार नाही. वाटेत लास व्हेगस किंवा फिनिक्सला मुक्काम असेल तर खरी कसोटी तिथे.