नाव त्यांचे, परवानगी कुणाची?

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपासून कॅन्सस सिटीत राहतो. माझा नऊ वर्षांचा मुलगा येथील 'चीफ्स' (म्हणजे जमातीचे प्रमुख) या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोठा चाहता आहे. पिसांचा टोप घालून आणि चेहरा रंगवून सामन्याला जायचे, असा हट्ट त्याने धरला आहे. यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा सन्मानच आहे, असे शेजारी म्हणतात. मला ते पटत नाही. पण का पटत नाही, हे मुलाला सांगता येत नाही. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, कॅन्सस सिटी

उत्तर : टोपापुरते उत्तर सोपे आहे. २०२० पासून संघानेच आपल्या ॲरोहेड स्टेडियममध्ये पिसांचे टोप आणि मूळ रहिवाशांची नक्कल करणारी रंगरंगोटी यांना मनाई केली आहे. परंतु 'नियम आहे म्हणून नको' एवढ्याने मुलाचे समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको.

त्याला पिसाविषयी सांगा. लकोटा, शायेन यांसारख्या मैदानी प्रदेशातील लोकांमध्ये गरुडाचे पीस हौस म्हणून कुणी डोक्यात खोवत नाही. पराक्रमाची किंवा लोकांसाठी केलेल्या कामाची दखल घेऊन ते दिले जाते, आणि म्हणून पिसांनी भरलेला टोप म्हणजे एका माणसाने आयुष्यभरात कमावलेला मान असतो. आजही कित्येक घरांत मुलगा किंवा मुलगी शाळेचे शिक्षण पूर्ण करते, तेव्हा वडीलधारी माणसे तिच्या हाती असे एक पीस ठेवतात. अमेरिकी कायद्याने गरुडाची पिसे बाळगण्यास सर्वसामान्यांना बंदी आहे; मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना धार्मिक कारणासाठी कोलोरॅडोतील सरकारी भांडाराकडे अर्ज करावा लागतो आणि अख्ख्या गरुडासाठी काही वेळा वर्षानुवर्षे थांबावे लागते. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती येणाऱ्या गोष्टीची प्लॅस्टिकची नक्कल डोक्यावर चढवून कुणी आरडाओरडा करताना दिसले, तर काय वाटेल? आपल्या घरात कुणाला शौर्यपदक मिळाले असेल आणि त्याची खोटी प्रतिकृती छातीवर लावून कुणी नाचू लागले, तर आपल्याला जे वाटेल, तेच.

आता सन्मानाविषयी. १९२६ साली इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात एक गोरा विद्यार्थी 'चीफ इलिनिवेक' या जमातप्रमुखाचे सोंग घेऊन नाचला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याच दशकात अमेरिकी सरकारचे इंडियन खाते, म्हणजे मूळ रहिवाशांचा कारभार पाहणारे खाते, खऱ्या जमातींच्या नृत्यांवर निर्बंध घालणारी परिपत्रके काढत होते. त्याआधी, १८८३ पासून, सूर्यनृत्यासारखा विधी करणे हा शिक्षापात्र गुन्हाच ठरवलेला होता. ज्यांचे नृत्य होते त्यांना ते घरी करण्याची चोरी, आणि ज्यांचे नव्हते त्यांना हजारो लोकांच्या टाळ्या. मला स्वतःला या एका गोष्टीनंतर सन्मानाच्या युक्तिवादावर विश्वास ठेवता आला नाही. तो नाच २००७ साली बंद झाला.

आपल्या शहरातील संघाचे नाव तर कुठल्याही जमातीच्या प्रमुखावरून आलेले नाही. १९६३ साली संघ डॅलसहून तेथे आला, तेव्हा त्याला आणण्यासाठी खटपट करणारे महापौर एच. रो बार्टल यांचे टोपणनाव 'चीफ' होते. बार्टल गोरे होते. मूळ रहिवाशांच्या रीतींची नक्कल करणारी बालवीरांची एक मंडळी त्यांनी काढली होती आणि टोपणनाव तिच्यातूनच चिकटले. बाण, नगारा, कुऱ्हाड चालवल्यासारखा हाताचा हेलकावा, हे सगळे या टोपणनावावर चढलेले थर आहेत.

शक्य असेल, तर मुलाला एकदा जवळच्या लॉरेन्स गावी घेऊन जा. तेथील हॅस्केल इंडियन नेशन्स विद्यापीठ १८८४ साली मूळ रहिवाशांच्या मुलांची सरकारी निवासी शाळा म्हणून सुरू झाले. घरापासून तोडून आणलेल्या मुलांचे केस तेथे कापले जात आणि त्यांना स्वतःची भाषा बोलू दिली जात नसे. दगावलेल्या मुलांच्या शंभरावर कबरी आवारात आहेत. आज तेथे मूळ रहिवाशांचीच मुले शिकतात आणि त्यांच्या खेळाडूंनी 'फायटिंग इंडियन्स' हे नाव अभिमानाने चालवले आहे. मग यांचे चालते आणि इतरांचे का नाही, असे मुलगा विचारील. विचारू द्या. स्वतःचे नाव स्वतः घेणे आणि दुसऱ्याने ते न विचारता उचलणे यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. वर्गात कुणी टोपणनाव पाडले की काय वाटते, हे त्याला ठाऊक असते.

आणि विचारून घेता येते, याचीही उदाहरणे आहेत. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन इंडियन्स या बेसबॉल संघाने स्पोकेन जमातीशी बोलून तिच्या सेलिश भाषेतले नाव आपल्या जर्सीवर आणले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला 'सेमिनोल' नाव वापरण्यास फ्लोरिडातील सेमिनोल जमातीची संमती आहे; मात्र ओक्लाहोमात, जिथे एकोणिसाव्या शतकात त्यांच्या बहुतेक बांधवांना बळाने हाकलण्यात आले, तिथल्या काही सेमिनोलांचा विरोध कायम आहे, हेही नोंदवले पाहिजे.

प्रश्न : राजधानी वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे 'रेडस्किन्स' (तांबड्या कातडीचे) हे नाव बहुसंख्य मूळ रहिवाशांना खटकत नव्हते, असे एका पाहणीत आढळले होते म्हणतात. तरीही ते का बदलले? न्यायालयाने आदेश दिला होता का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : न्यायालयाने नाव बदलायला लावले नाही. मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सुझन हार्जो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या नावाची व्यापारचिन्ह नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला. त्यात शेवटी हार पत्करावी लागल्यावर अमांडा ब्लॅकहॉर्स यांच्यासह तरुण पिढीने नवा अर्ज केला आणि २०१४ मध्ये नोंदणी रद्दही झाली. परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात अवमानकारक चिन्हांना मनाई करणारे कलमच घटनाबाह्य ठरवले आणि पंचवीस वर्षांची ही कायदेशीर वाट तिथे संपली. पुढे २०२० च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर देश ढवळून निघालेला असताना, स्टेडियमला जिचे नाव होते त्या फेडेक्स कंपनीने २ जुलैला नाव बदलण्याची मागणी केली. 'कधीच बदलणार नाही' असे २०१३ मध्ये सांगणाऱ्या मालकाच्या संघाने १३ जुलैला नाव सोडले. आता तो 'कमांडर्स' आहे. पैशाने अकरा दिवसांत केले, ते माणसांच्या म्हणण्याने इतक्या वर्षांत झाले नाही, याचे मला वाईट वाटते.

पाहणीविषयी : २०१६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ५०४ जणांना विचारले आणि दहापैकी नऊ जणांनी त्रास होत नाही असे सांगितले. २०२० च्या एका अभ्यासात हजाराहून अधिक लोकांना विचारले, तेव्हा सुमारे निम्म्यांनी नावाला आक्षेप घेतला, आणि जमातीच्या रीतिरिवाजांत नियमित सहभागी होणाऱ्यांत हे प्रमाण आणखी मोठे निघाले. पण शिरगणतीने हा वाद सुटेल असे मला वाटत नाही. १८६३ साली मिनेसोटातील एका वृत्तपत्रात यमसदनी धाडलेल्या प्रत्येक 'रेडस्किन'मागे २०० डॉलर इनाम जाहीर झाले होते. हा शब्द कानावर पडताच ते इनाम आठवणारी माणसे निम्मी असोत की दहात एक, त्यांना ते विसरायला सांगण्याचा अधिकार संघाच्या मालकाला कुठून मिळाला?

प्रश्न : मराठीत आपण सर्रास 'रेड इंडियन' लिहितो. तो शब्दही टाळावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, टाळावा, 'रेड'मध्ये तोच कातडीचा रंग आहे. 'अमेरिकेतील मूळ रहिवासी' असे लिहिले की सर्वांना कळते. 'अमेरिकन इंडियन' हा शब्द त्यांच्या स्वतःच्या संस्थाही वापरतात, त्यामुळे तो चुकीचा नाही. मात्र अमेरिकी सरकारची मान्यता असलेल्या जमातीच पाचशे सत्तरहून अधिक आहेत, तेव्हा जमात ठाऊक असेल तेथे तिचे नाव द्यावे, आणि शक्यतो लोक स्वतःला म्हणवतात ते : 'सू' ऐवजी लकोटा किंवा डकोटा, आणि 'नावाहो'च्या जोडीने दिने. या सदरात मीही पूर्वी 'रेड इंडियन' लिहिले आहे. यापुढे लिहिणार नाही.