फोमचा डबा सोडून दाढीच्या साबणाकडे वळावे का?

आपण विचारले आहे की, सहा वर्षे डब्यातला फोम वापरल्यानंतर आता साबण-ब्रशकडे किंवा ट्यूबमधल्या क्रीमकडे वळावे का, त्याने गळ्यावरची लाली आणि पुटकुळ्या कमी होतील का, आणि नेमके कोणते उत्पादन घ्यावे. शेवटी आपण लिहिले आहे की, मित्रांच्या मते ही निव्वळ जुन्या वस्तूंची हौस आहे. या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो, कारण माझा थोरला भाऊ हेच वाक्य मला अनेक वर्षे ऐकवत आला आहे आणि ते साफ चुकीचे आहे.

वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपण सोलापुरात किंवा बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या कोणत्याही गावात राहत असाल, तर साबण कोणता याआधी पाणी कोणते याचा विचार करावा. आमच्या घरात हे कळायला एक हाड मोडावे लागले.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आयुष्य गिरणीत काढले. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी अंगणातल्या दगडावर पितळी वाटी, गोल साबण आणि ब्रश मांडून ते दाढी करत. मग अंघोळ, मग पूजा. २००६ साली मला पतसंस्थेत नोकरी लागली, तेव्हा पुण्याहून आलेल्या दादाने मला फोमचा डबा भेट दिला आणि अप्पांसमोरच सांगितले की, आता त्या वाटी-ब्रशच्या भानगडीत पडू नकोस. अप्पांनी डबा हातात घेतला, बोटावर थोडा फोम काढून चोळून पाहिला आणि म्हणाले, “ह्यात निम्मं वारंच हाय की रे.” दादा हसला. मीही हसलो आणि पुढची अकरा वर्षे फोमच वापरला. त्यातली निदान आठ वर्षे माझ्या जबड्याखाली, कंठाच्या दोन्ही बाजूंना, बारीक लाल पुटकुळ्या कायम होत्या. मलमे झाली, दिवसाआड दाढी करून झाली, तीन पात्यांचे कार्ट्रिज दर आठवड्याला बदलून झाले.

२०१७ च्या मे महिन्यात अप्पा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, त्यामुळे त्यांची दाढी करण्याचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्याची दाढी करताना हात सावकाश चालतो, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक असेल. मी त्यांच्या दोन्ही गालांना फोम लावला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. बाहेर सोलापूरचा मे होता, वर पंखा गरगरत होता, आणि मी हनुवटीपर्यंत येईतो उजव्या गालावरचा फोम बसून गेला होता. त्याचा पापडासारखा कोरडा पातळ थर तेवढा उरला होता. त्यावरून रेझर ओढताच अप्पांनी मान मागे घेतली. मी पुन्हा फोम लावला, तोही वाळला. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि म्हणाले, “माझी वाटी आण.”

मी वाटी आणली, न्हाणीघरातल्या नळाखाली ब्रश भिजवला आणि साबणावर घुसळू लागलो. फेस येईना. आला तो ताकावरच्या फेसासारखा, मोठमोठ्या बुडबुड्यांचा आणि क्षणात विरणारा, आणि वाटीच्या कडेला एक चिकट पांढुरका साका जमू लागला. दादाचे म्हणणे खरेच होते, असे मला त्या क्षणी वाटले. अप्पांनी वाटीत डोकावून पाहिले आणि विचारले, “बोअरचं पाणी घेतलंस काय? पिंपातलं घे.” आमच्याकडे, निम्म्या सोलापूरकडे असते तसे, महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येते आणि ते पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी पिंपात भरून ठेवतात, न्हाणीघराच्या नळाला मात्र बोअरचे पाणी असते. मी वाटी धुतली, पिंपातले तांब्याभर पाणी कोमट केले आणि त्याच ब्रशने तोच साबण पुन्हा घुसळला. मिनिटभरात फेस असा दाटला की वाटी तिरपी केली तरी तो हलेना. तो फेस लावून मी अप्पांची पूर्ण दाढी केली आणि शेवटच्या हातापर्यंत त्यांचा गाल ओला होता.

यामागचे कारण आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे, फक्त न्हाणीघरात ते आठवत नाही. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते, कारण त्याने फेस दाट आणि टिकाऊ होतो. सोडियममुळे वडी कठीण होते, पोटॅशियममुळे ती पाण्यात लवकर विरघळते, म्हणून दाढीच्या वडीत बहुधा दोन्ही असतात आणि ट्यूबमधल्या मऊ क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियमचा साबण आणि ग्लिसरीन असते. काळ्या पाषाणातून मुरून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. ते साबणाला गाठून त्याचा न विरघळणारा साका बनवते. आधी हा साका होऊन संपायचा, मग उरलेल्या साबणाचा फेस व्हायचा. अशा पाण्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन म्हणतात. शब्दातच सगळे आले. उकळल्याने यातला काही जडपणाच जातो, सगळा नाही. आपल्या गिझरच्या कॉईलवर आणि बादलीच्या आतल्या बाजूला पांढरे थर चढत असतील, तर दाढीपुरते वाटीभर पाणी आरओ फिल्टरचे किंवा महापालिकेच्या नळाचे घ्यावे. एका दाढीला फेसासाठी चार-पाच चमच्यांपेक्षा जास्त पाणी लागतही नाही.

फोमच्या बाबतीत ही अडचण का येत नाही, हेही सांगायला हवे. त्या डब्यातसुद्धा बहुतेक वेळा साबणच असतो, स्टिअरिक आम्ल आणि ट्रायइथेनॉलअमाइन यांच्यापासून झालेला. परंतु त्याला लागणारे पाणी कारखान्यातच मिसळलेले असते आणि ब्यूटेन, प्रोपेनसारख्या दाबाखालच्या वायूने तो बाहेर येताना फुलतो. म्हणून फोम सोलापुरात आणि कोकणात सारखाच उमलतो. हा त्याचा खरा गुण आहे आणि मी तो नाकारत नाही. पण फुललेल्या फोमचा मोठा भाग वायू असतो, त्वचेला टेकलेला ओला थर पातळ असतो आणि आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तो टिकत नाही. अप्पांनी बोटावर चोळून जे सांगितले होते, ते अक्षरशः खरे होते. शिवाय या डब्यांवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये अशी सूचना असते. ज्या गावात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना जातो, तिथे पत्र्याच्या न्हाणीघरात खिडकीशी असा डबा ठेवणे मला तरी पटत नाही.

त्या सहा आठवड्यांत मी स्वतःही साबणावर आलो आणि तीन पात्यांचे कार्ट्रिज सोडून अप्पांचा दुधारी पात्याचा रेझर वापरू लागलो. दोन महिन्यांत गळा स्वच्छ झाला. दिवाळीला दादा आला तेव्हा मी त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला की फरक रेझरचा आहे, साबणाचा काही संबंध नाही, आणि अप्पांकडे पाहून म्हणाला की तुम्हा दोघांना जुन्या वस्तूंचा मोह आहे. अप्पा काही बोलले नाहीत. मला मात्र ते लागले. ज्या माणसाने तीस वर्षे पहाटे साडेपाचला उठून स्वच्छ दाढी करून पाळी गाठली, त्याच्या हातच्या ज्ञानाला मोह म्हणणे मला सहन झाले नाही.

म्हणून मी जुने कार्ट्रिज पुन्हा काढले. पंधरा दिवस दोन्ही गालांना तोच रेझर, तेच पाणी. डाव्या बाजूला फोम आणि उजव्या बाजूला ब्रशने फेस. नवव्या दिवसापर्यंत डाव्या जबड्याखाली चार पुटकुळ्या उठल्या, उजवीकडे एक. फोनवर सांगितले तेव्हा दादाने आक्षेप घेतला की, तू उजव्या हाताचा आहेस, त्यामुळे उजव्या बाजूला तुझा हात नीट बसतो. आक्षेप रास्त होता. मी आठवडाभर थांबून बाजू बदलल्या आणि आणखी पंधरा दिवस काढले. या वेळी पुटकुळ्या उजव्या बाजूला, म्हणजे पुन्हा फोमच्याच बाजूला उठल्या. दुधारी रेझरचाही उपयोग झाला असेल, परंतु साबणाचा संबंध नाही हे विधान टिकत नाही.

आता दादाच्या लक्षात न आलेला, पण आपल्या उपयोगाचा एक मुद्दा मी स्वतःहून मांडतो. फोम लावायला मला अर्धे मिनिट लागत असे आणि ब्रश फिरवायला अडीच मिनिटे. केस पाण्याने फुगून मऊ होतात आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतातच. म्हणजे श्रेयाचा मोठा वाटा साबणाच्या घटकांपेक्षा त्या वेळेला आणि पाण्याला जात असावा. आपला डबा अजून संपला नसेल, तर आठ दिवस कोमट पाण्यात भिजवलेला पंचा तीन मिनिटे तोंडावर धरून मगच फोम लावून पाहा. तेवढ्यानेच गळा निवळला, तर काही विकत घेण्याची गरज नाही. पण सकाळच्या घाईत तीन मिनिटे पंचा धरून बसणे कोणाकडून रोज होत नाही. ब्रश ते आपल्याकडून करवून घेतो.

कोणते उत्पादन, याचे माझे उत्तर त्रोटक आहे: किराणा दुकानात मिळणारी कोणतीही साधी, ब्रशने फेसाळणारी क्रीमची ट्यूब घ्यावी. वडीपेक्षा क्रीम शिकायला सोपे जाते. ब्रश न लागणारी क्रीम वेगळी असते, ती चुकून घेऊ नये. परदेशी साबण मागवणार असाल, तर घटकांच्या यादीत टॅलो हा शब्द आहे का ते पाहा. तो म्हणजे जनावराची चरबी. आमच्या घरात ते चालत नाही, डुकराच्या किंवा बिजूच्या केसांचा ब्रशही चालत नाही, म्हणून अप्पांच्या वाटीत पहिल्यापासून नायलॉनचा ब्रश आहे आणि त्यावाचून काही अडलेले नाही. क्रीम बदामाएवढे घ्यावे. ब्रश भिजवून झटकावा आणि घुसळताना पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. फेस चक्क्यासारखा असला तर पाणी कमी आहे, ताकासारखा झाला तर जास्त. घोटलेल्या दह्यासारखा चकाकू लागला की थांबावे. पहिला हात केसांच्या दिशेने फिरवावा आणि पुटकुळ्या पूर्ण जाईपर्यंत उलटा हात मारूच नये. दाढीनंतर तुरटी फिरवावी. जिथे ती झोंबेल तिथे आपला हात जड पडला, असे समजावे.

खर्चाचे म्हणाल तर माझा फोमचा डबा जेमतेम दीड महिना पुरत असे, आणि त्याहून बरीच स्वस्त ट्यूब तीन महिने जाते.

साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे कोरड्या त्वचेला सुरुवातीला ओढ बसते. खोबरेल तेलाचा एक थेंब पुरतो. सुगंधाची ॲलर्जी असेल तर साबण काय, फोम काय, दोन्ही त्रासच देतील. आणि पुटकुळ्यांत पू होत असेल किंवा केस आतल्या आत वळून वाढत असतील, तर हे सगळे बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

दादा अधूनमधून हे संकेतस्थळ वाचतो, हे मला माहीत आहे. दादा, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा तुझा डबा घेऊन ये. पिंपातले पाणी मी भरून ठेवतो. अप्पांचा हात आता बरा आहे; तुझा एक गाल ते करतील, दुसरा तू फोम लावून कर, आणि संध्याकाळी दोन्हींवरून बोट फिरवून काय ते तूच सांग.